आपली बॅग आपण उचलावी

वर्षातले साधारण पाच महिने मी माझ्या साताऱ्याच्या घरात नसते. मुलगा पुण्याला, मुलगी नाशिकला, धाकटे दीर चिपळूणला आणि माहेर म्हणावं असं उरलेलं एकच घर कोल्हापूरला. हे पाच महिने सलग मात्र कुठेच नसतात. कुठे चार दिवस, कुठे आठ, फार तर पंधरा. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, त्यातला प्रकार. त्यामुळे प्रवासाची बॅग कशी भरावी या विषयावर दोन शब्द बोलायचा अधिकार मला वयाने नि सरावाने, दोन्हीने मिळालेला आहे असं मी समजते. थोडी शिक्षकी ऐट वाटली तर चालवून घ्या!

हा विषय डोक्यात यायचं कारण म्हणजे घरातली मुलं मला पाठवतात ते व्हिडिओ. एका छोट्या बॅगेत तीस कपडे कसे बसवायचे, शर्टात शर्ट गुंडाळून त्याची पुरचुंडी कशी करायची, प्लॅस्टिकच्या पिशवीतली हवा काढून स्वेटरची पोळी कशी करायची. बघायला मजा येते. मुलींचे हात काय भराभर चालतात! पण सगळे बघून झाल्यावर मला एक गोष्ट जाणवली. या सगळ्या मंडळींचा प्रश्न एकच असतो : बॅगेत मावणार किती? भरलेली बॅग उचलणार कोण, हे कोणीच विचारत नाही.

आणि माझं म्हणणं असं, की वारंवार प्रवास करणाऱ्याने, त्यातून साठी-सत्तरी ओलांडलेल्याने, पहिला प्रश्न हाच विचारायला हवा. घडी घालायची की गुंडाळी करायची, साडी खाली ठेवायची की वर, हे सगळं नंतरचं. आधी वजन ठरवा. तेही दुकानातल्या काट्याला किंवा विमान कंपनीला विचारून ठरवू नका, आपल्या मनगटाला विचारून ठरवा.

रेल्वेने स्लीपरच्या प्रवाशाला ४० किलो सामान फुकट नेऊ दिलंय, वातानुकूलित पहिल्या वर्गाला ७० किलो. देशातल्या देशात बहुतेक विमानांत १५ किलो पोटात आणि ७ किलो हातात चालतात. हे आकडे वाचून आपल्याला वाटतं, वा, एवढी सोय आहे तर नेऊ या. पण ती त्यांच्या डब्याची नि विमानाची मर्यादा आहे. एसटीच्या पायऱ्या चढताना एका हाताने दांडा धरायचा असतो आणि दुसऱ्या हातात बॅग असते. त्या दुसऱ्या हाताची मर्यादा किती, हे कुठल्याच तिकिटावर छापलेलं नसतं.

नोकरीत असताना शाळेच्या सहली पुष्कळ नेल्या. प्रतापगड, रायगड, एकदा थेट वेरूळ-अजिंठा. मुलांच्या आया मायेने बॅगा अशा भरत की दोन रात्रींच्या सहलीला पोरगं नव्हे, पोराचा संसारच निघाला आहे असं वाटे. मग मी एक नियम केला. निघायच्या दिवशी प्रत्येकाने आपली बॅग घेऊन मैदानाला एक फेरी मारायची. टेकायची नाही, ओढायची नाही, मित्राकडे द्यायची नाही. फेरी पूर्ण झाली तर बॅग गाडीत चढेल. नाही झाली तर तिथेच झाडाखाली बॅग उघडायची आणि काय कमी करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. पहिल्या वर्षी झाडाखाली ढीग झाला. जाडजूड टर्किश टॉवेल, तीन-तीन चादरी, एकाने तर चक्क उशी आणली होती. पुढच्या वर्षीपासून मुलं घरूनच फेरी मारून येऊ लागली.

आता शाळा नाही, पण फेरी मी सोडलेली नाही. आमच्या इमारतीचे दोन जिने बॅग घेऊन मी चढते आणि उतरते. दम लागला तर बॅग उघडते. माझ्या मनगटाने सध्या दिलेला आकडा पाच किलो आहे. तुमचा आठ असेल, कुणाचा तीन असेल. ज्याचा त्याने काढावा.

इथे कुणी म्हणेल, अहो बाई, चाकं कशाला आहेत मग? चाकांच्या सूटकेसचं पेटंट अमेरिकेत १९७२ मध्ये बर्नार्ड सॅडो यांना मिळालं. ती आडवी, पट्ट्याने ओढायची होती. आज आपण वापरतो तशी उभी, लांब दांड्याची बॅग १९८७ मध्ये रॉबर्ट प्लाथ नावाच्या वैमानिकाने तयार केली. वैमानिक! म्हणजे ज्याचं चालणं विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर. तिथे ती चाकं अगदी लोण्यासारखी फिरतात, त्याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत. पण आपल्या एसटी स्टँडवरच्या खडीत, स्टेशनच्या जिन्यावर, पावसाळ्यात चिपळूणच्या चिखलात ती काय कामाची? तिथे बॅग उचलावीच लागते. आणि चाकांमुळे एक गोष्ट हटकून होते. घरातून दारापर्यंत बॅग सहज सरकते, म्हणून ती किती जड झाली हे हाताला कळतच नाही. कळतं ते पहिल्या पायरीपाशी. शिवाय मोठी चाकांची सूटकेस रिकामीच चार-साडेचार किलोची असते. माझी सगळी मर्यादा पाच किलोची. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. माझी कापडी, खांद्याला अडकवायची बॅग सातशे ग्रॅमची आहे.

पूर्वी हे प्रश्न पडत नसत, कारण उचलायला माणसं होती. आमच्या लहानपणी पत्र्याची ट्रंक, वळकटी नाहीतर होल्डॉल, फिरकीचा तांब्या असा लवाजमा निघायचा. स्टेशनवर लाल डगलेवाले हमाल धावत यायचे. २०१६ च्या रेल्वे अंदाजपत्रकात त्यांचं नाव बदलून 'सहायक' केलं. नाव चांगलं आहे, पण लहान स्टेशनवर तो सहायक शोधावा लागतो. एसटीच्या टपावर सामान चढवणारी माणसं होती, मागे लोखंडी शिडी असायची. आणि घरात चार धाकटे दीर नि पुतणे असायचे. आता मुलगा एकटा, तोही परगावी. माणसं बदलली म्हणून तक्रार करण्यात अर्थ नाही. सामान बदलायला हवं.

आता या पाच किलोंत काय काय येतं ते सांगते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू ठेवून मी मोजलेलं आहे. आठ दिवसांच्या मुक्कामासाठी अंगावरची सोडून तीन साड्या, सरासरी साडेचारशे ग्रॅमप्रमाणे साडेतेराशे ग्रॅम. तीन ब्लाउज तीनशे, दोन परकर चारशे, दोन गाऊन पाचशे, आतले कपडे तीनशे. टर्किश टॉवेलऐवजी सुती पंचा, दीडशे ग्रॅम. एक शाल साडेतीनशे. कंगवा, साबण, पेस्ट, चार्जर, जास्तीचा चष्मा असं किडूकमिडूक नऊशे. वर बॅगेचे सातशे. बेरीज करा, ४९५० भरते. पन्नास ग्रॅम हातचे राखलेत, पुस्तकासाठी कमी पडतात याचं मात्र दुःख आहे. (पुस्तक मी जिथे जाते तिथे मागून वाचते. नाशिकला मुलीकडे बरी सोय आहे, पुण्यात सुनेने माझ्यासाठी वाचनालय लावलंय.)

तीन साड्यांत आठ दिवस? होतात. रोज घरच्या मशीनमध्ये कपडे पडतातच, त्यात माझी एक साडी पडते. कपडे किती न्यायचे हे दिवसांवर ठरत नाही, धुतलेलं किती वेळात वाळतं त्यावर ठरतं. उन्हाळ्यात नाशिकला सुती साडी दोन तासांत खडखडीत वाळते. आषाढात चिपळूणला तीच साडी तीन दिवस दोरीवर ओली राहते आणि वर कुबट वास. म्हणून कोकणात पावसाळी जाताना मी सुती साड्या घरी ठेवते आणि सिंथेटिक नेते. दिसायला कशाही असोत, रात्री धुतली तर सकाळी नेसता येते. कुठे जायचं, कुठल्या महिन्यात जायचं आणि तिथे दोरी कुठे बांधलेली आहे, एवढं डोळ्यांपुढे आणलं की निम्मी बॅग आपोआप भरते.

आता घडी की गुंडाळी? सुती कपड्याला सुरकुती का पडते हे मला आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी समजावलं होतं. सुती धागा ओलावा शोषतो. ओलावा, ऊब आणि दाब एकत्र आले की धागा ज्या आकारात असेल त्या आकारात बसतो. इस्त्री याच तत्त्वावर चालते आणि चुरगळणंही याच तत्त्वावर. म्हणून इस्त्रीचे गरम कपडे तसेच बॅगेत घालू नयेत, गार होऊ द्यावेत. किंचित दमट कपडा तर मुळीच घालू नये. खळ घातलेली कडक साडी प्रवासाला नेऊ नये, तिची प्रत्येक घडी काचेसारखी उठते. आणि घडी जितकी धारदार तितकी सुरकुती पक्की, त्यामुळे गुंडाळी घडीपेक्षा बरी. पोचल्यावर साडी झटकून रात्रभर दांडीवर टाकली की पुरतं. त्यातूनही राहिली तर कुणी आंघोळ करत असताना न्हाणीघरात टांगावी, वाफेने सरळ होते.

माझी पद्धत अशी. साडीची नेहमीची घडी घालायची, ती लांबट ठेवायची. त्यावर त्याच साडीचा ब्लाउज, आतले कपडे असा त्या दिवसाचा संच पसरायचा आणि एका टोकाकडून सुरळीच्या वडीसारखी अलगद गुंडाळत जायचं. फार आवळायचं नाही. एक सुरळी म्हणजे एक दिवस. सकाळी दुसऱ्याच्या घरात, अर्धवट उजेडात, कुणाची झोपमोड न करता एक सुरळी उचलायची नि न्हाणीघरात जायचं. ब्लाउज शोधायला सगळी बॅग उपसावी लागत नाही. ज्यांच्या घरी आपण जातो तिथे नातवंडांची शाळा असते, सकाळी सगळ्यांची धांदल असते. त्या वेळी हॉलच्या मध्यभागी आपली बॅग पसरून बसणं बरं दिसत नाही.

बाकी बारीकसारीक गोष्टी. पहिल्या रात्री लागणारा गाऊन आणि पंचा सगळ्यात वर. जरीची साडी न्यायचीच असेल तर तिची सुरळी करायची नाही. जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यात गुंडाळून तळाशी सपाट ठेवायची आणि घरी आल्यावर घड्या बदलून ठेवायची, नाहीतर एकाच रेघेवर जर तुटते. मळलेल्या कपड्यांसाठी उशीचा जुना अभ्रा. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट कपडे कोंडले तर वास धरतात, अभ्र्यात हवा खेळते. औषधं, चष्मा, पैसे, फोन बॅगेत कधीच नाहीत, ते पर्समध्ये, आणि पर्स मांडीवर. खाण्याचा पदार्थ कपड्यांच्या बॅगेत नाही म्हणजे नाही. साताऱ्याहून निघताना अर्धा किलो कंदी पेढे न्यावेच लागतात आणि येताना कुणीतरी प्रेमाने लोणच्याची बरणी देतंच, पण त्यांची पिशवी वेगळी. लोणच्याचं तेल पैठणीला लागलं की ना लोणचं गोड लागतं ना पैठणी.

हवा काढायच्या पिशव्यांबद्दलही सांगून टाकते. त्यांनी कपड्यांची जागा कमी होते, वजन तेवढंच राहतं. जागा उरली म्हणून आपण आणखी दोन कपडे घालतो. विमानतळावर काटा असतो, तो जागा मोजत नाही. ज्यांना हिमालयात जाड जॅकेटं न्यायची आहेत त्यांना त्या उपयोगी असतील. मला त्यांचा उपयोग घरी रजया ठेवायला होतो.

कमी सामानात राहणं ही काही परदेशातून आलेली नवी विद्या नाही. ज्ञानेश्वर माउलींची पालखी आमच्या जिल्ह्यातून लोणंद, तरडगाव, फलटण अशी जाते. लोणंदला मुक्कामाच्या वेळी मी अनेकदा गेले आहे. दिंडीतलं जड सामान, राहुट्या, भांडी ट्रकमधून पुढे जातात. पण चालणाऱ्या बायांच्या खांद्याला जी पडशी असते ती बघा. एक नेसण अंगावर, एक पडशीत. आळंदी ते पंढरपूर, जवळजवळ तीन आठवडे, आषाढाच्या तोंडाशी. वाटेत पाणी दिसलं की धुणं होतं आणि ओली साडी दोघी दोन टोकांनी धरून चालता चालता वाळवतात. माझ्यापेक्षा वयाने मोठ्या बाया त्यात असतात. त्यांना कुणी बॅग भरायला शिकवलं नाही. चालायचं आपल्याच पायांनी आहे, एवढं त्यांना ठाऊक असतं.

हे सगळं मी हिरिरीने का सांगते आहे? कारण प्रश्न साड्यांचा नाही.

चाळीस वर्षं मी घरातल्या सगळ्यांच्या बॅगा भरल्या. यांच्या कोर्टकामाच्या, मुलांच्या शिबिरांच्या, सासूबाईंच्या काशीयात्रेची ट्रंकसुद्धा. स्वतःची सगळ्यात शेवटी, रात्री अकराला, उरलेल्या कोपऱ्यात. माझ्या पिढीतल्या बहुतेक बायकांचं असंच झालं असणार. आणि ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या बॅगा भरल्या, त्याच बायका आज साठीनंतर म्हणतात, "कुणी न्यायला आलं तर येईन गं." न्यायला येणाऱ्याला रविवारच मोकळा असतो. मग तो रविवार कधी येतो, कधी येत नाही. आमच्या शेजारच्या एक आजी मुलीकडे जायचं म्हणून दिवाळीपासून थांबल्या होत्या, संक्रांत होऊन गेली. पाय चांगले, डोकं चांगलं. अडत होतं ते एका मोठ्या सूटकेसपाशी. बॅग दुसऱ्याने उचलायची म्हटली की वेळही दुसऱ्याची होते.

आणि हे होतं कधी? जेव्हा प्रवास कधी नव्हे इतका सोपा झालाय तेव्हा. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे. मार्च २०२३ पासून सगळ्याच महिलांना अर्धं तिकीट आहे. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली हे खरं, पण एसटीने आमच्यासाठी दार उघडून ठेवलंय. मी आता ७६ ची आहे. कंडक्टरला कार्ड दाखवते, तो हसून तिकीट देतो, पैसे घेत नाही. एवढी मोकळीक आमच्या आईला, आजीला कधी मिळाली होती? ती केवळ जड बॅगेपायी वाया घालवायची?

दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात पहाटे साडेपाचला कोल्हापूरहून भाच्याचा फोन आला. ताईला हॉस्पिटलमध्ये हलवत होते. मुलाला कळवलं, तो म्हणाला, "आई, थांब, मी गाडी घेऊन येतो, मग आपण दोघं जाऊ." पुण्याहून निघून साताऱ्याला येणं, तिथून कोल्हापूर, म्हणजे दुपार उलटली असती. मी म्हटलं, तू सरळ कोल्हापूरला ये, मी निघते. माझी बॅग भरलेलीच असते. कुठूनही परत आले की कपडे धुऊन, वाळवून तीन सुरळ्या पुन्हा बॅगेत जातात, बॅग माळ्यावर जात नाही. सव्वासहाला मी स्टँडवर होते, दहाच्या आत ताईजवळ. ती बोलत होती. मला बघून म्हणाली, "चहा तरी घेतलास का?" मग आम्ही दोघी आईच्या स्वयंपाकघराबद्दल, पंचगंगेच्या पुराबद्दल, कशाकशाबद्दल बोललो. मध्ये ती डोळे मिटायची, पुन्हा उघडायची. दुपारी तीननंतर तिचं बोलणं थांबलं. चौथ्या दिवशी ती गेली. मुलगा साडेबाराला पोचला, त्यालाही ती भेटली, नाव घेऊन बोलली. पण दहा ते साडेबारा हा वेळ फक्त आम्हा दोघींचा होता. तो मला त्या पाच किलोंच्या बॅगेने दिला, असं मी मानते.

मुलांचं म्हणणं वेगळं आहे, तेही सांगायला हवं. मुलगा म्हणतो, "आई, हवी कशाला बॅग? इथे एक कप्पा तुझाच आहे. चार साड्या इथे ठेव, चार नाशिकला ठेव, हात हलवत ये." सोय बघितली तर त्याचं बरोबर आहे, आणि त्यामागची माया मला कळते. काही गोष्टी मी ठेवल्याही आहेत. दोन्हीकडे एकेक गाऊन, चपला, दात घासायचा ब्रश, नाशिकच्या थंडीसाठी तिथे स्वेटर. पण सगळे कपडे नाही ठेवले. एक तर तीन घरी कपडे वाटले की हवी ती साडी नेमकी चौथ्या घरी असते. मुलांची घरं तरी कुठे मोठी आहेत? नातीची पुस्तकं ठेवायला जागा नाही, तिथे माझ्या साड्यांनी कप्पा अडवायचा. आणि खरं कारण तिसरंच आहे. बॅग कोपऱ्यात असते तोवर मी आलेली असते. कपडे कपाटात गेले की मी राहायला येते. दोन्हींत फरक आहे आणि तो फरक जितके दिवस पेलवेल तितके दिवस मला राखायचा आहे. आल्याचं कौतुक राहतं, जाण्याची तारीख माझ्या हातात राहते.

लेक म्हणते, "हा तुझा अहंकार आहे." असेलही थोडा. पण मदत घ्यायची नाही असं माझं म्हणणंच नाही. ज्यांचे गुडघे, पाठ, हृदय साथ देत नाही त्यांनी खुशाल उचलायला सांगावं, त्यात लाज कसली? बसमध्ये एखादा मुलगा "आजी, द्या इकडे" म्हणाला तर मीही देते, त्यालाही बरं वाटतं. मदत मिळाली तर आनंदच आहे. फक्त मदत मिळेपर्यंत निघणंच अडून राहू नये, इतकंच.

तेव्हा माझ्या वयाच्या मैत्रिणींनो, आणि मित्रांनोसुद्धा, एवढं करून बघा. पुढच्या प्रवासाची बॅग भरा, आणि ती घेऊन आपल्या इमारतीचा जिना, नाहीतर अंगणाला एक फेरी मारा. टेकायची नाही, ओढायची नाही. मग काय कमी केलंत ते मला जरूर कळवा. आणि तरुण मंडळींनी आई-वडिलांना वाढदिवसाला भलीमोठी चाकांची सूटकेस देण्याऐवजी हलकी कापडी बॅग द्यावी. तिच्यातून ते स्वतःहून, तुमच्या रविवारची वाट न बघता तुमच्याकडे येतील.

माझ्याही मनगटाचा आकडा कायम पाचच राहील असं नाही. पुढच्या वर्षी चार होईल, मग तीन. ज्या दिवशी जिन्यावर दम लागेल, त्या दिवशी कुणाला हाक मारण्याआधी मी एक साडी काढून ठेवीन आणि निघेन.